दोन फेरीबोटींची सहल



सहल कोठे न्यावी हा प्रश्न दरवर्षी शिक्षकांच्या खोलीत निघतो, आणि दरवर्षी त्याचे उत्तर मुलांनी आधीच देऊन ठेवलेले असते : "बाई, गोवा!" बेळगावकरांना गोवा म्हणजे चोर्ल्याच्या घाटापलीकडचे अंगण. परंतु मुलांच्या मनातील गोवा समुद्रापाशी सुरू होतो आणि समुद्रापाशीच संपतो. मी मूळची गोमंतकीय. घरी कोंकणी बोलते, शाळेत मराठी आणि इतिहास शिकविते. आपल्या जन्मभूमीची ओळख केवळ वाळू आणि लाटा एवढीच राहावी, हे मला अनेक वर्षे खटकत होते. म्हणून यंदा डिसेंबरात इयत्ता नववीच्या बत्तीस विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही दोघे शिक्षक दोन दिवसांसाठी गोव्यात गेलो, तो ज्या वाटेने एके काळी एक देव परागंदा झाला, त्या वाटेने चालण्यासाठी.

खर्चाचा विचार प्रथम करावा लागला. दरडोई साडेसातशे रुपयांपलीकडे वर्गणी जाऊ द्यायची नाही, असे आम्ही ठरविले होते. कारण त्यापुढे गेल्यास कोणती मुले मागे राहतात, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते. जाणे-येणे सरकारी बसने, पहिल्या दिवसाची शिदोरी घरची, रात्रीचा मुक्काम फोंडा महालातील एका देवस्थानाच्या अग्रशाळेत. गोव्यात देवळाला लागून यात्रेकरूंसाठी जी धर्मशाळा असते, तिला अग्रशाळा म्हणतात. उरलेला प्रवास पायी आणि फेरीबोटीने. फेरीबोटीत पायी प्रवाशाला तिकीट पडले नाही. अशा रीतीने आमची सहल स्वस्त झाली, आणि स्वस्त झाली म्हणूनच ती चांगली झाली. मोटारीच्या काचेतून जे दिसत नाही, ते चालणाऱ्याला दिसते.

निघण्यापूर्वीची उजळणी

ज्या प्रदेशाने दुःख सोसले आहे, तेथे जाण्यापूर्वी त्याच्या इतिहासाचा सांगाडा तरी मनात असावा. तो थोडक्यात असा :

अफोन्सो द आल्बुकेर्क याने 25 नोव्हेंबर 1510 रोजी आदिलशाहीकडून गोवा शहर जिंकून घेतले. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी हे तीन महाल पोर्तुगीजांच्या ताब्यात आधी आले. त्यांना जुन्या काबिजादी म्हणतात. फोंडा, डिचोली, पेडणे इत्यादी महाल अठराव्या शतकात आले. त्या नव्या काबिजादी. सोळाव्या शतकात जुन्या काबिजादींतील देवळे राजसत्तेच्या हुकमाने पाडण्यात आली. तिसवाडीत हा प्रकार 1540 च्या सुमारास घडला, बार्देश व सासष्टीत त्यानंतरच्या दशकांत. भक्तांनी आपले देव रातोरात उचलून नदीपार नेले. कुट्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आली. आज फोंडा महालात देवळांची जी दाटी दिसते, ती निर्वासितांची वसाहत आहे, ही गोष्ट पर्यटकांच्या ध्यानात क्वचितच येते.

1560 साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मसमीक्षणाचे न्यायासन, स्थापन झाले. 1774 ते 1778 ही चार वर्षे वगळता ते 1812 पर्यंत चालू होते. पोर्तुगीज सत्ता मात्र 19 डिसेंबर 1961 पर्यंत टिकली. एवढी उजळणी बसमध्येच झाली.

पणजी : एका वैद्याची बाग

दुपारी पणजीस पोहोचल्यावर चर्चच्या पायऱ्यांजवळील नगरपालिकेच्या बागेत आम्ही शिदोऱ्या सोडल्या. या बागेला गार्सिया द ओर्ता याचे नाव आहे. हा पोर्तुगीज वैद्य सोळाव्या शतकात गोव्यात राहिला, आणि येथील वनस्पती व औषधे यांविषयी त्याने लिहिलेला संवादरूप ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. भारतातील पहिला छापखाना गोव्यात 1556 साली सुरू झाला होता, हे येथे लक्षात ठेवावे.

ओर्ता मूळच्या यहुदी कुळातला. तो 1568 साली वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून, धर्मसमीक्षणाने जिवंत जाळले. 1580 साली ओर्ताची स्वतःची हाडे उकरून काढून जाळण्यात आली. भाकरीचा घास हातात धरून एका मुलाने विचारले, "बाई, पण तो तर पोर्तुगीजच होता ना?" मी म्हटले, "होय. हा प्रश्न वहीत लिहून ठेव. उद्या त्याचा उपयोग पडेल." उद्या तो उपयोग प्रथम मलाच पडणार होता, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते.

तेथून आम्ही आझाद मैदानावर गेलो. तेथे त्रिस्तांव ब्रागांझा कुन्य यांचे स्मारक आहे. 1928 साली गोवा काँग्रेस कमिटी स्थापन करणारे हे पुढारी जन्माने ख्रिस्ती होते. सायंकाळी मुलांना मिरामारच्या वाळूत मनसोक्त खेळू दिले. समुद्राचा हट्ट अर्ध्या तासात फिटला, आणि त्यासाठी एक पैसाही लागला नाही.

जुने गोवे : माझी चूक

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जुन्या गोव्यात उतरलो. एके काळी हे पूर्वेकडील वैभवशाली राजधानीचे शहर होते. साथींच्या रोगांनी ते ओस पडत गेले, आणि 1843 साली राजधानीचा मान रीतसर पणजीस मिळाला. आज हिरवळीवर विखुरलेली मोठमोठी चर्चे तेवढी उभी आहेत. बॉम जेझुस बासिलिका 1594 ते 1605 या काळात बांधली गेली. संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष तिच्यात आहेत. समोरच्या से कॅथेड्रलचे काम 1562 साली सुरू झाले. तिचा एक मनोरा 1776 साली कोसळला, त्यामुळे ती इमारत एका खांद्याने उंच वाटते. या वास्तूंचा समावेश युनेस्कोने 1986 साली जागतिक वारशात केला. त्यांचे सौंदर्य मोकळ्या मनाने पाहावे. ज्या गोमंतकीय सुतारांनी आणि गवंड्यांनी त्यांवर हात चालविला, ते आपलेच पूर्वज होते.

कॅथेड्रलपुढील मोकळ्या जागेत धर्मसमीक्षणाचा वाडा होता. न्यायासन रद्द झाल्यावर तो पडीक झाला आणि पुढे पाडला गेला. तेथे आज गवताखेरीज काही दिसत नाही. या कोठड्यांत राहून आलेल्या शार्ल देलाँ या फ्रेंच वैद्याने आपली हकीकत 1687 साली प्रसिद्ध केली. त्याला दमण येथे पकडून गोव्यात आणले होते आणि 1676 साली शिक्षा सुनावली होती. हा देलाँही ख्रिस्तीच होता. पुढे गोमंतकीय संशोधक अ. का. प्रियोळकर यांनी धर्मसमीक्षणाचा सविस्तर इतिहास 1961 साली ग्रंथरूपाने मांडला.

हे सारे मला मुखोद्गत आहे. तरीही त्या गवतावर उभी राहिल्यावर माझा आवाज चढला. माझ्या कुळाचे दैवतही असेच नदीपार गेलेले आहे. मी बोलून गेले, "त्यांनी आपली देवळे पाडली. त्यांनी आपल्या माणसांना कोंडले. त्यांनी आपली भाषा मारायला काढली."

तेव्हा एक मुलगा शेजारच्या मुलीकडे वळून अर्धवट थट्टेने म्हणाला, "म्हणजे तुमच्या लोकांनी."

ती मुलगी ख्रिस्ती. तिचे पणजोबा गोव्याहून बेळगावास येऊन स्थायिक झाले. घरची भाषा कोंकणी. ती काही बोलली नाही. तिने पिशवी उचलली आणि दूर एका झाडाखाली जाऊन उभी राहिली.

मी त्या मुलावर रागावणार होते. पण शब्द ओठांवरच थांबले. त्याने नवीन काय सांगितले होते? माझ्याच वाक्यातील सर्वनामाचा त्याने अर्थ लावला होता. व्याकरणाच्या तासाला जी शिक्षिका "कर्ता कोण?" असे रोज विचारते, तिने इतिहासाच्या तासाला कर्त्याच्या जागी 'त्यांनी' एवढेच ठेवले होते, आणि मोकळ्या राहिलेल्या जागेत एका मुलाने आपल्या वर्गमैत्रिणीला बसविले होते.

टेकडीवरचा व्याकरणाचा तास

जवळच संत आगुस्तीनच्या चर्चचे भग्नावशेष आहेत. 1602 साली पूर्ण झालेले हे चर्च 1835 साली ओस पडले. 1842 साली त्याचे छत कोसळले, आणि 1931 साली मनोऱ्याचाही अर्धा भाग पडला. उरलेला उंच मनोरा जांभ्या दगडाच्या तुटक्या हातासारखा आकाशात उभा आहे. त्याच्या सावलीत मी सर्वांना बसविले. त्या मुलीलाही बोलावून आणले.

प्रथम त्या जागेचीच गोष्ट सांगितली. जॉर्जिया देशाची राणी केतेवान हिला 1624 साली इराणच्या शाह अब्बासच्या हुकमाने हाल हाल करून मारण्यात आले. कारण तिने आपला ख्रिस्ती धर्म सोडण्यास नकार दिला. आगुस्तीन पंथाच्या पाद्र्यांनी तिच्या अस्थींचा काही भाग गोव्यात आणून या चर्चमध्ये ठेवला होता. येथील उत्खननात सापडलेल्या अस्थी तिच्या असल्याचे हैदराबादच्या संशोधन संस्थेतील तपासणीनंतर 2013 साली जाहीर झाले, आणि 2021 साली भारताने त्या जॉर्जियाला दिल्या. धर्मासाठी छळल्या गेलेल्या राणीच्या अस्थी ज्या शहराने आदराने जपल्या, त्याच शहरात त्याच काळी दुसऱ्यांचा धर्मासाठी छळ चालला होता.

नंतर मी सांगितले, "सकाळी बाईंनी तीन वाक्ये चुकीची सांगितली. ती दुरुस्त करा. कर्ता नेमका हवा, साल हवे, कर्मही हवे." पंधरा मिनिटांत वह्यांतून जी वाक्ये निघाली, त्यांतील काही येथे देते :

"सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजसत्तेच्या हुकमाने तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली."

"1560 साली स्थापन झालेल्या धर्मसमीक्षणाने हिंदू, यहुदी कुळातील लोक आणि ख्रिस्ती या सर्वांना छळले."

"1684 साली व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्वोर याने कोंकणी भाषा तीन वर्षांत सोडून देण्याचा हुकूम काढला."

ज्या मुलाने थट्टा केली होती, त्याने पणजीच्या बागेतील आपला प्रश्न वहीत शोधून काढला आणि त्याखाली लिहिले : "छळ करणारा पोर्तुगीज होता आणि छळला गेलेलाही पोर्तुगीज होता, म्हणून 'पोर्तुगीज लोकांनी' असे लिहिले तरी वाक्य पुरे होत नाही." त्यावर मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. 1787 साली पोर्तुगीज सत्ता उलथून टाकण्याचा जो कट गोव्यात झाला, त्याच्या अग्रभागी गोमंतकीय ख्रिस्ती पाद्री होते. तो पिंटोंचा कट म्हणून प्रसिद्ध आहे. त्यापायी पंधरा जणांना देहान्त शासन झाले.

मुलीने वहीत काय लिहिले, ते मी मागितले नाही. मी तिची सर्वांसमक्ष क्षमा मागितली. शिक्षकाने विद्यार्थ्यांपुढे चूक कबूल केली तर शिस्त बिघडते असे म्हणतात. माझा अनुभव तसा नाही.

दिवाडी : पहिली फेरीबोट

1599 साली उभारलेल्या व्हाइसरॉयच्या कमानीखालून उतरले की मांडवीचा धक्का लागतो. नवे व्हाइसरॉय याच कमानीतून शहरात प्रवेश करीत. आम्ही उलट्या दिशेने बाहेर पडलो आणि फेरीबोटीने काही मिनिटांत दिवाडी बेटावर उतरलो.

दिवाडीवर खाजन शेती आहे. भरतीचे खारे पाणी अडविण्यासाठी मातीचे बांध आणि पाण्याची ये-जा सांभाळण्यासाठी मानशी, म्हणजे लाकडी झडपांची दारे, अशी ही रचना आहे. गावकऱ्यांनी शतकानुशतके एकत्र राबून ती टिकविली. वर पियेदाद टेकडीवर चर्च आहे. तेथील दफनभूमीतील एका लहान प्रार्थनागृहाच्या छतावर कदंबकालीन देवळाचा अवशेष मानले जाणारे नक्षीकाम आहे. पुढे बेटाच्या उत्तर टोकाकडे सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान. हा गोव्याच्या कदंब राजांचा देव. चौदाव्या शतकात बहामनी राजवटीत त्याचे देऊळ पाडले गेले; विजयनगरचा मंत्री माधव याने ते पुन्हा उभारले; सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात ते पुन्हा पाडले गेले. मुलांनी न सांगताच वहीत दोन्ही वेळचे कर्ते वेगळे लिहिले, हे पाहून मला समाधान वाटले.

ऊन चढले होते आणि पाण्याच्या बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या. एका जुन्या घराच्या ओट्यावर एक ख्रिस्ती आजी बसल्या होत्या. आम्हाला पाहून त्या उठल्या आणि म्हणाल्या, "येयात, बसात. उदक पियेयात." मुले एकमेकांकडे पाहू लागली. मी अर्थ सांगणार, तोच ती मुलगी पुढे झाली आणि म्हणाली, "या, बसा, पाणी प्या, असं म्हणतात त्या." पुढचा अर्धा तास तीच आमची दुभाषी होती. मी मुद्दाम गप्प राहिले.

विहिरीचे थंडगार पाणी पिताना एकाने विचारले, "आजी, नार्व्याचा देव कुठे आहे?" आजींनी नदीच्या दिशेने हात केला आणि म्हणाल्या, "तो आमच्याच गांवचो. पलतडीं रावता."

ज्या मुलाने सकाळी थट्टा केली होती, त्याने त्या मुलीला विचारले, "पलतडीं म्हणजे काय गं?"

"पलीकडच्या काठाला," ती म्हणाली. "आपल्याच गावचा आहे तो, पलीकडच्या काठाला राहतो."

तीन वर्षांत मरावी म्हणून जिच्याविरुद्ध 1684 साली हुकूम निघाला, त्या भाषेत आम्हाला पाणी मिळाले होते. त्या भाषेला 1992 साली भारतीय राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. आणि इतिहास किती गुंतागुंतीचा असतो पाहा : त्याच पोर्तुगीज गोव्यात राहून फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठीत ख्रिस्तपुराण रचले, आणि ते 1616 साली छापून प्रसिद्ध झाले.

नार्वे : दुसरी फेरीबोट

बेटाच्या दुसऱ्या टोकाहून दुसरी फेरीबोट डिचोली महालातील नार्व्यास जाते. सप्तकोटेश्वराचे लिंग भक्तांनी याच पाण्यावरून पलीकडे नेले. तेव्हा हा तीर पोर्तुगीज अमलाबाहेर होता. एका काठाला जे शिक्षेस पात्र, ते दुसऱ्या काठाला नित्यपूजेचे. आणि मध्ये नदीचे एवढेसे पात्र! मुले कठड्याशी उभी राहून ते अंतर डोळ्यांनी मोजीत होती.

नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवछत्रपतींनी 1668 साली केला. दारावरील शिलालेख त्याची साक्ष देतो. अलीकडे राज्य सरकारने त्याची दुरुस्ती केल्यावर 2023 साली ते पुन्हा खुले झाले. वास्तू भव्य नाही. जुन्या गोव्यातील चर्चांपुढे ती अगदी लहान दिसते. परंतु दोन वेळा बेघर झालेल्या देवाचे ते घर आहे, हे जाणून पाहिले म्हणजे तिची उंची वाढते.

मंडपात बत्तीसही मुले शांत बसली. मी त्यांना कुंकळ्ळीची हकीकत सांगितली. 1583 च्या संघर्षानंतर तेथील शांतादुर्गा फातर्प्यास गेली. आजही ती दरवर्षी छत्र्यांच्या मिरवणुकीने आपल्या मूळ गावी कुंकळ्ळीस येते. त्या बारा छत्र्या गावच्या बारा कुळांच्या, म्हणजे वांगडांच्या. आणि त्या उत्सवात कुंकळ्ळीचे ख्रिस्ती गावकरीही सहभागी होतात. सत्तेने गाव दोन काठांना वाटला. गावाने आपले नाते वाटून दिले नाही.

सायंकाळी नार्व्याहून डिचोली, डिचोलीहून साखळी, आणि साखळीहून चोर्ल्याच्या घाटाने बेळगाव असे आम्ही परतलो. हिशेब झाल्यावर प्रत्येकाला पंचेचाळीस रुपये परत देता आले.

सहलीचा बोध

दुःखाच्या जागा पाहू नयेत, त्यांनी मने दुखावतात, असे काही पालकांनी निघण्यापूर्वी सुचविले होते. त्यांची चिंता खोटी नव्हती. पहिल्याच सकाळी तिचा प्रत्यय आला. परंतु मन दुखावले ते इतिहासामुळे नव्हे, तो ढिसाळपणे सांगितल्यामुळे. अन्याय झाला तो झालाच. त्यातील एक अक्षरही गाळू नये. मात्र तो कोणी केला, कोणावर केला आणि केव्हा केला, हे नेमके सांगावे. ज्याने केला नाही, त्याला त्या वाक्यात ओढू नये. नेमके सांगितलेले सत्य एकत्र बसून ऐकता येते. अर्धवट सांगितलेल्या सत्यामुळे एक मुलगी दूर झाडाखाली जाऊन उभी राहते.

तुम्हीही सुटीत आपल्या आसपासच्या अशा एखाद्या प्रदेशात जा. पैसे थोडे लागतात. पाय आणि कान मात्र तयार हवेत.

अभ्यास

1. गोव्याच्या नकाशावर जुन्या आणि नव्या काबिजादी दाखवा. लेखातील देवस्थाने कोठून कोठे गेली, ते बाणांनी दाखवा.

2. गार्सिया द ओर्ता, शार्ल देलाँ आणि राणी केतेवान यांच्या हकीकतींतील समान गोष्ट कोणती?

3. आपल्या गावाविषयी ऐकलेले, 'त्यांनी' या शब्दाने सुरू होणारे एक वाक्य घ्या. त्यातील कर्ता, कर्म आणि साल शोधून ते पुन्हा लिहा.

4. आपल्या घरी किंवा शेजारी बोलल्या जाणाऱ्या, शाळेत न शिकविल्या जाणाऱ्या भाषेत पाणी कसे देतात, ते विचारून लिहून आणा.